गोमारची निळी पानं

"पिवळा पाहुणा असतो, त्याला घरातला समजून राहू नये."

हे डिम्फना वेरलिंडेन मला म्हणाली तेव्हा ती हेरिंग साफ करत होती. मासा उलटा धरून, अंगठ्यानं पोट उघडून, माझ्याकडे न बघता. मी काही विचारलं नव्हतं. तिची वाक्यं अशीच यायची. खूप वेळ आत कुठेतरी भिजत पडलेली असायची आणि मग एकदम बाहेर. त्यानंतर संध्याकाळपर्यंत गप्प.

आमच्या दोन घरांची भिंत एकच. मी चित्रकारांसाठी ओकच्या फळ्या करतो. तासतो, जोडतो, खडू आणि सरसाचा हात देतो. मग शहराचा तपासनीस येऊन पाठीवर किल्ल्याचा नि दोन हातांचा छाप डागतो. तो छाप असल्याशिवाय अँटवर्पमध्ये फळी विकली जात नाही. तिचे वडील गोमार माझ्या वडिलांच्या फळ्यांवर फुलं काढायचे. ती माझ्या फळ्यांवर काढायची. भिंतीच्या पलीकडून तिच्या स्टुलाचा आवाज आला की मला कळायचं, उजेड आला.

फूल समोर असल्याशिवाय ती कुंचला उचलत नसे. बाकीच्यांकडे नमुन्यांचे कागद असत. एकदा काढलेला गुलाब वर्षानुवर्षं या चित्रातून त्या चित्रात फिरे, कधी डावीकडे तोंड करून, कधी उजवीकडे. ग्राहकांना ते चालायचं. डिम्फनाला चालायचं नाही. तिच्या गुच्छात वसंतातली घंटेसारखी फुलं, जूनमधली लिली आणि शरदातला केशराचा भाऊबंद शेजारी शेजारी उभे असत, पण प्रत्येकाची वेळ येईपर्यंत त्याची जागा मोकळी राही. भिंतीला टेकलेल्या तिच्या फळ्या दात पडलेल्या तोंडांसारख्या दिसायच्या.

"बाई, ही भोकं कसली?" एखादा व्यापारी विचारायचा.

"हे ऑक्टोबर," ती बोट दाखवायची. "हे मे. आणि ते सांगता येत नाही, गोगलगायींवर आहे."

ती फुलांचा वास घेत नसे. वास घेतला की डोळे आळशी होतात, म्हणायची. एखादी पाकळी गळून टेबलावर पडली तर ती उचलायची नाही. पडली तिथेच तिची सावली काढायची. मेखेलनच्या एका विधुर दोरखंडवाल्यानं एकदा तिच्यासाठी ट्यूलिप आणल्या होत्या. मनात काय होतं ते गल्लीतल्या कुत्र्यालाही कळलं असतं. तिनं त्या आठ दिवस चितारल्या आणि मग काड्या झालेले देठ रीतसर कापडात गुंडाळून परत पाठवले, आभार कळवून. त्यानं पुढच्या उन्हाळ्यात दुसरीशी लग्न केलं. गल्ली हसली. डिम्फनाला बहुतेक कळलंच नाही की यात हसण्यासारखं काय आहे. वडिलांची जुनी काळी टोपी घालून ती कामाला बसायची, आणि तिच्या पाठीवरून वाटायचं की गोमारच बसलेत.

त्या गोमारबद्दल सांगायला हवं.

बागवानांच्या मंडळाचं चर्चमध्ये एक छोटं चॅपेल आहे, माळ्यांना सांभाळणाऱ्या संत डोरोथेआचं. तिथं गोमारचं मोठं काम होतं. मधोमध टोपली घेतलेली डोरोथेआ, ती दुसऱ्या एका चित्रकारानं काढलेली. भोवती फुलांचा भरगच्च हार, तो गोमारचा. बागवानांची एक रीत आहे. चॅपेलला कोणी काही दिलं, कडी असो, बाक असो, मेणबत्तीचं झाड असो, तर देणाऱ्यानं संतिणीसमोर त्या वस्तूवर तळवा ठेवायचा आणि म्हणायचं, "टिकेल." एवढंच. त्याच्यावर पुढे कुणी काही विचारत नाही. गोमारनी त्या हाराच्या चौकटीवर तळवा ठेवला होता आणि म्हणाले होते, टिकेल. तेव्हा डिम्फना त्यांच्या खांद्यावर होती.

पण पानांचा हिरवा असा तयार मिळत नाही, निदान जिवंत दिसेल असा तरी. गोमार आधी निळ्यात पान उभं करायचे. शिरा, मुडपलेली कड, अळीनं पाडलेलं भोक, सगळं निळ्यात. मग त्यावर वनस्पतीच्या काढ्यापासून केलेला पिवळा ओढायचे, इतका पातळ की खालचं सगळं त्यातून दिसावं. तो पिवळा उजेडाला घाबरतो. रोज थोडा थोडा निघून जातो, कुणाच्या लक्षात न येता. पंधरा-वीस वर्षांत त्या हाराची पानं निळी पडली. गुलाब लाल, लिली पांढरी, आणि पानं जानेवारीतल्या नदीच्या रंगाची.

गोमारनी ते जिवंतपणी पाहिलं. त्यांच्यासाठी हे वाईट झालं. शेवटची काही वर्षं ते दर रविवारी चर्चला यायचे आणि बाजूच्या एका जाड खांबामागे बसायचे, जिथून ते चॅपेल दिसत नाही. डिम्फना शेजारी. बागवान येताजाता म्हणायचे, "गोमारचा शब्द निळा पडला." कुणी खोटं बोललं, कुणी उधार घेऊन विसरलं, तरी हेच म्हणायचे. गोमार वारले त्या वर्षी आमच्याकडे थंडी इतकी होती की शेल्ट नदीवर बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढत होत्या. शेवटी तळवा तेवढा पांघरुणावर उताणा ठेवला होता.

मग काही वर्षांनी सर्वास बागवानांचा प्रमुख झाला. पेअरची कलमं करणारा, मोठ्या आवाजाचा, कामाचा माणूस. वाईट नव्हता. सप्टेंबरात एका रविवारी त्यानं डिम्फनाला चॅपेलमध्ये बोलावलं. फळीला चीर गेलीय का बघायला मीही होतो.

"बाई, आम्ही माळी माणसं," सर्वास म्हणाला. "आमच्याच संतिणीभोवती निळी पानं. ब्रसेल्सचे माळी येतात आणि विचारतात, तुमच्याकडे कोबी असाच उगवतो का?"

"कोबी तरी बरा," मागून म्हातारा लिवेन म्हणाला. अर्ध्या शहराची कुंपणं त्याच्या कात्रीखालून गेलेली. पाठ वाकलेली, जीभ सरळ. "ही अजमोदा बघा की. सूप करून प्रमुखांना पाजा, दाढी निळी होते का बघू."

सगळे हसले. डिम्फना वर चित्राकडे बघत होती.

"पोएल तयार आहे," सर्वास म्हणाला. गल्लीच्या टोकाला राहणारा पोएल झपाट्यानं कामं उरकणारा चित्रकार. "दोन आठवड्यांत सगळी पानं जाड हिरव्यात करून देतो म्हणतो. पण काम तुझ्या वडिलांचं. म्हणून आधी तुला विचारतो."

"पोएल खालचं खरवडणार?"

"खरवडायचं कशाला? वरून देईल की."

म्हणजे शिरा गेल्या, कडा गेल्या, भोकंही गेली. गोमार फळीवर राहतील, पण पुरलेले.

"डोरोथेआच्या दिवसापर्यंत तू हिरवं करून आण," सर्वास म्हणाला. "हात ठेव आणि म्हण, टिकेल. वडिलांचंही फिटेल. नाही जमलं तर त्याच दिवशी पोएलकडे. ठीक?"

ती म्हणाली, "उतरवा."

मी आणि लिवेननं ते तिच्या घरी नेलं. लिवेन रस्ताभर कुरकुरत होता. "अरे, वजन कशाचं आहे एवढं? रंग तर उडाला ना?"

दुसऱ्या दिवशी चौकट काढायला मी गेलो. चौकटीचा ओठ फळीच्या कडेवर बोटभर चढलेला असतो. खिळे सैल केले, चौकट उचलली, आणि आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

कडेला चारी बाजूंनी बोटभर रुंद पट्टी. तिथं उजेड कधी पोचला नव्हता. तिथं पानं हिरवी होती. नुसती हिरवी नाही. ओली, आत्ताच कुणीतरी बाजूला सारून पुढे गेल्यासारखी. एक गुलाबाचं पान अर्धं निळं होतं आणि अर्धं हिरवं, आणि त्या सीमेवरून एक शीर या बाजूहून त्या बाजूला सहज चालत गेली होती.

डिम्फनानं हात पुढे केला, पण लावला नाही.

"योस," ती म्हणाली, "खिडकी लाव."

अंधारात तिनं त्या पट्टीवर काळं कापड घातलं, आजारी माणसाच्या खांद्यांवरून पांघरूण ओढावं तसं. पुढचे महिने ते कापड ती रंग जुळवायला तेवढं बाजूला करायची आणि लगेच परत घालायची.

आधी तिनं मेणबत्तीची काजळी काढली, पावाच्या मऊ गोळ्यानं आणि स्वतःच्या थुंकीनं, पानापानावरून. मग माझ्याकडून एक टाकाऊ तुकडा मागून घेतला. त्यावर वडिलांच्या पद्धतीनं निळं पान उभं केलं. वाळल्यावर अर्ध्या भागावर शिसं आणि कथील भाजून केलेला कडक पिवळा दिला, अर्ध्या भागावर तो जुना पातळ. मला बोलावून दाखवलं.

कडक अर्धा पक्का होता. तो आपल्या नातवंडांनंतरही राहिला असता. पण त्याच्याखाली काही नव्हतं. भिंत रंगवावी तसं झालं होतं. पातळ अर्ध्यात शीर न् शीर वर येऊन बघत होती.

"कडकात निळा मिसळून हलका हात दिला तर?" मी म्हणालो.

"तरी झाकतो. मग ते माझं पान होतं."

"आणि पातळ..."

"पातळ उडतो."

मी तुकडा हातात फिरवत राहिलो. चित्र काढण्यातलं मला फार कळत नाही, लाकडातलं कळतं. पण हे कळलं. कडक लावला तर ती तळवा ठेवून खरं बोलू शकत होती, आणि मग वडील फळीवरून गेले होते. पातळ लावला तर वडील राहत होते, आणि तळवा ठेवताच ती खोटी पडत होती. ती जे करेल त्यात कुणाचं तरी काहीतरी जाणार होतं. मला वाटलं, ती विचार करेल. ती स्टुलावर बसली, टोपी डोक्यावर ओढली, आणि पातळ पिवळा ढवळायला लागली.

नोव्हेंबरात लिवेन आला, टोपलीत ती तपकिरी फळं घेऊन, जी कुजल्याशिवाय गोड होत नाहीत. भिंतीपलीकडून आवाज आला म्हणून मीही गेलो. त्याला बघायचं होतं, हे उघड होतं, पण त्यानं विषय फळांचा काढला.

"खा. तुझ्यासारखीच आहेत, वेळ घेतात."

"काका, बसा. टोपली तिथे नको, वास येतो."

"वास येतो म्हणे! फुलं काढणारी बाई." तो बसला, आणि मग मान लांब करून चित्राकडे बघायला लागला. वरचा डावा कोपरा हिरवा झाला होता. तो उठला. नाक फळीला लागेल इतका वाकला, तो तर वाकलेलाच होता. डिम्फनानं कडेचं कापड बाजूला केलं.

त्यानं बोट एका पानापाशी नेलं.

"हा पाद्रीवाड्याच्या मागच्या भिंतीवरचा गुलाब," तो म्हणाला. "मीच छाटायचो. त्या वर्षी अळी पडली होती. हे बघ, हे भोक. मी तंबाखूचं पाणी मारत होतो आणि तुझा बाप मागे उभा राहून म्हणत होता, थांब, थांब, अजून थोडं खाऊ दे." तो हसला, आणि हसू मध्येच राहिलं. "मला वाटलं होतं, हा मनचं काढतो."

"मनचं त्यांना येत नव्हतं," डिम्फना म्हणाली. "मलाही येत नाही."

"मग झालं तर. सगळं असं हिरवं कर आणि सर्वासच्या तोंडावर मार."

"तसंच करतेय. पण काका, हे परत उडेल."

"परत?"

"वीस वर्षं. उजेड जास्त आला तर आधी."

लिवेननं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अगं मग उपयोग काय? एवढा खटाटोप कशाला?"

"तुम्ही कुंपण दरवर्षी का कातरता?"

"कारण ते वाढतं, बये! तुझं उडतं. दोन्हींत फरक आहे."

तिनं एक फळ घेतलं, चोखलं, बी तळहातावर काढून बघत राहिली.

"आणि हात कसा ठेवणार?" लिवेननं विचारलं. "सगळ्यांसमोर?"

ती बी तिनं खिडकीत ठेवली. कामाला लागली. आम्ही दोघं नसल्यासारखे.

दारात लिवेन मला म्हणाला, "तुझ्या शेजारणीचं डोकं फिरलंय." चार पावलं जाऊन परत वळला. "पान मात्र तेच आहे रे. शंभर टक्के तेच."

संत डोरोथेआचा दिवस ऐन हिवाळ्यात येतो. बागेत त्या दिवशी काही नसतं, म्हणून बागवान आधीपासून सफरचंदाच्या फांद्या घरात शेगडीजवळ कोमट पाण्यात ठेवतात आणि त्या दिवशी फुललेल्या घेऊन येतात. ज्याची फुलली नाही त्याची वर्षभर थट्टा. त्या वर्षी सर्वासची फुलली नव्हती. तो नुसती काडी घेऊन उभा होता, आणि त्याचा चेहरा आधीच लाल होता.

मी चौकट परत चढवली होती. चित्र संतिणीच्या वेदीसमोर दोन बाकांवर उभं केलं आणि कापड काढलं.

कुणी हसलं नाही. सगळे जवळ सरकले. त्या थंड, ओल्या, मेणाच्या वासाच्या दगडी खोलीत जून उभा होता. बायका पानं ओळखायला लागल्या, हे आमच्या विहिरीजवळचं, हे तर तुमच्या आजीच्या परसातलं. हातातल्या फुललेल्या फांद्या खाली आल्या, विसरल्यासारख्या. सर्वासनं टोपी काढली. तो प्रामाणिक माणूस होता.

"बाई," तो म्हणाला, "गोमारनीही असंच आणलं होतं. मला आठवतं, मी लहान होतो." त्याचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला होता. "ये. हात ठेव आणि म्हण."

डिम्फना पुढे आली. तिनं अंगावरच्या जाड शालीतून हात बाहेर काढला. नखांत अजून पिवळा होता. चौकटीच्या कडेला कापडाचा एक धागा अडकला होता, तो तिनं चिमटीत धरून काढला. हात परत शालीत गेला.

"म्हण की," सर्वास म्हणाला.

ती उभी राहिली.

"टिकेल ना?"

ती चित्राकडे बघत होती, त्या एका पानाकडे, जे आता चौकटीखाली नि बाहेर सलग हिरवं झालं होतं. सर्वासचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे नाही टिकणार. म्हणजे बापासारखंच." तो लोकांकडे वळला. "मग मी पोएलला सांगतो. मला हौस नाही, पण इथली रीत आहे."

मी लिवेनकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. तो बोलला असता तर तिथंच संपलं असतं. तो काठी टेकत पुढे आला.

"सर्वास, ती काडी कसली आहे हातात?"

"काय?"

"काडी. सफरचंदाची ना? फुलेल म्हणाला होतास. मला आठवतं, शेगडीशी बसून म्हणाला होतास."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच.

"काका, ही थट्टेची वेळ नाही."

"थट्टा कोण करतंय? मला ते पेअरचं कलम, फळ धरेल म्हणून, तळवा ठेवून दिलंस. चार वर्षं झाली, माझी मांजर त्यावर नखं घासते. गोमार टिकेल म्हणाला आणि त्याचं उडालं. हिनं तसं म्हटलं नाही, एवढंच." त्यानं काठीनं वर खिळ्याकडे दाखवलं. "माझी पाठ अशी आहे म्हणून सांगतो, नाहीतर मीच चढवलं असतं. योस, धर त्या बाजूनं."

सर्वास हातातल्या काडीकडे बघत राहिला. मी फळी धरली, दुसऱ्या बाजूनं दोघंजण आले. कुणी शिडी आणली. चित्र वर गेलं, खिळ्यावर बसलं, जरा तिरकं, मी सरळ केलं.

"आणि परत उडालं तर?" सर्वासनं विचारलं, पण आता भांडणाच्या सुरात नाही. "ही काय जन्मभर पुरणार आहे?"

"तेव्हा जो प्रमुख असेल तो बघेल," लिवेन म्हणाला. "कुणीतरी परत लावेल. मी नसेन, मला काय."

सगळ्यांनी वळून डिम्फनाकडे पाहिलं. तिनं काहीतरी म्हणावं असं त्यांना वाटत होतं, निदान त्या म्हाताऱ्याला तरी. तिच्यामागे कुणी नाही, मूल नाही, शिकणारं कुणी नाही, हे त्या क्षणी बहुतेकांच्या मनात आलं असावं. ती वर बघत होती. मग तिनं शाल गळ्याशी घट्ट केली आणि बाजूच्या दाराकडे निघाली. वाटेत तो जाड खांब लागतो, ज्याच्यामागून चॅपेल दिसत नाही. तिथं ती थांबली, खांबाच्या दगडावर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग दार ओढलं, बाहेरचा पांढरा उजेड लांबवर आत आला, पार वरच्या हिरव्या पानांपर्यंत, आणि ती निघून गेली.